नावावरचं रक्त

कल्याण उभ्या उभ्या चहा पीत होता आणि यंत्राने चिठ्ठी बाहेर टाकली. डाव्या हाताने त्याने ती फाडली, सवयीप्रमाणे आधी आकडा पाहिला आणि मग नाव. ट्रोपोनिन, दोनशे बारा. कल्याण उढाण, वय अठ्ठेचाळीस, पुरुष, अकरा वाजून चाळीस मिनिटं. त्याने आकडा पुन्हा वाचला. चौदाच्या आत असायला हवा होता. मग नाव पुन्हा वाचलं, जणू त्या नावाचा दुसरा कुणी जालन्यात असावा आणि त्याचं रक्त चुकून इथे आलं असावं. असे कल्याण उढाण जिल्ह्यात दोन-चार असतीलही, पण अठ्ठेचाळीस वर्षांचा, या दवाखान्याच्या तळमजल्यावरच्या लॅबमध्ये बावीस वर्षं काढलेला आणि तासाभरापूर्वी स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधून रक्त काढलेला एकच होता. तो हातात कप धरून उभा होता आणि चहा आता त्याला नको होता.

रक्त काढायचं कारण साधं होतं. ट्रोपोनिनच्या किटचा नवा डबा उघडला की कंपनीने दिलेल्या नमुन्याबरोबर स्वतःचंही रक्त लावून बघायचं, ही त्याची जुनी रीत. कंपनीच्या बाटलीवर त्याचा भरवसा नव्हता असं नाही, पण आपलं रक्त म्हणजे घरचं माप. ते दरवेळी तीन नाहीतर चार दाखवतं, आजही तेवढंच दाखवलं की डबा चांगला. लॅबमधली पोरं त्याला यावरून चिडवायची, सर म्हणजे तराजूतलं वजन आहेत म्हणायची, आणि त्यालाही ते आवडायचं. नवीन आलेल्या प्रत्येकाला तो एकच धडा द्यायचा. हृदयाच्या स्नायूला मार बसला की ट्रोपोनिन रक्तात झिरपतं. माणूस हसत असेल, चहा मागत असेल, घरी सोडा म्हणून भांडत असेल, पण आकडा चढला म्हणजे मार बसला. माणसाला कळायच्या आधी आपल्याला कळतं, असं तो जरा तोऱ्यातच सांगायचा. बावीस वर्षं दुसऱ्यांचं रक्त मोजत बसलं की माणसाला हळूहळू वाटायला लागतं, आपण मोजणारे, मोजले जाणारे ते वेगळे. आता तोच धडा कुणीतरी उचलून त्याच्या तोंडावर मारला होता. तो चहा पीत होता आणि त्याच्या हृदयाला मार बसलेला होता.

चिठ्ठीची घडी घालून त्याने ती ॲप्रनच्या खिशात टाकली. कुणी पाहिलं नव्हतं. त्याची सहायक तृप्ती, दोन वर्षांपूर्वी लागलेली चलाख मुलगी, पलीकडच्या खोलीत एका रडणाऱ्या लेकराचं रक्त काढत होती आणि 'झालं झालं, बघ मुंगी चावली' म्हणत होती. कल्याण मागच्या खोलीत गेला. तिथे फ्रीज, किटची खोकी, एक स्टूल आणि भिंतीवर फोन. तो स्टुलावर बसला आणि बसल्याबरोबर छातीत दुखायला लागलं. खरंच दुखायला लागलं, त्यात खोटं काही नव्हतं. मधोमध, बरगड्यांच्या मागे, कुणी मूठ आवळून धरावी तसं. मग डाव्या हाताच्या करंगळीला मुंग्या आल्या. सकाळी जिना चढताना दम लागला होता तो आठवला, परवा जेवणानंतर जळजळलं होतं ते आठवलं, दिवाळीत एकदा मोटारसायकलला किक मारताना डोळ्यांपुढे अंधारी आली होती तीही आठवली. एवढी साक्ष समोर उभी असताना आपण कसे हिंडत होतो, याचंच त्याला नवल वाटलं. खिडकीबाहेर रस्त्यावरून बियाण्याच्या पोत्यांनी लादलेला टेम्पो हॉर्न वाजवत गेला. जग आपल्या कामाला लागलेलं होतं आणि त्याला भयंकर भीती वाटत होती.

त्याला आधी दैवशाला आठवली, बायको. ती आत्ता शाळेत चौथीच्या वर्गावर असेल. तिला फोन कोण करील आणि काय सांगेल? मग मुलगी आठवली, मग कपाटातल्या खालच्या खणातली कागदपत्रं, जी कुठे आहेत ते त्याच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. मग वडील आठवले, जे बावन्नाव्या वर्षी उसाच्या फडात बसल्या जागी गेले आणि मुकादमाला वाटलं की विडी ओढत बसलेत. बावन्न वजा अठ्ठेचाळीस. वहिनींची आठवण त्याला या सगळ्यानंतर आली, आणि ती आली तीदेखील कशी, तर आता वहिनींकडे कोण बघणार, अशी. वहिनी वरच्या मजल्यावर होत्या. त्यांच्या रक्ताची नळी त्यानेच पाऊण तासापूर्वी काढून खाली आणली होती, तृप्तीच्या हातात दिली होती आणि सांगितलं होतं, 'माझ्या वहिनीचं आहे, सगळ्यांच्या आधी लाव.'

उषाबाई म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची, रामरावांची बायको. कल्याण सात वर्षांचा असताना आई गेली आणि अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या चाळीतल्या दोन खोल्यांत त्याला वाढवलं ते या बाईने. ती स्वतः तेव्हा एकोणीस वर्षांची. पाच आठवड्यांपूर्वी पायरीवरून पाय मुरगळून त्यांच्या घोट्याचं हाड मोडलं, प्लास्टर झालं, परवा ते निघालं आणि आज पहाटे चुलीपाशी उभ्या राहता राहता त्या कोसळल्या. शेजाऱ्याच्या गाडीत घालून रामरावांनी त्यांना जालन्याला आणलं. छातीचा सीटी स्कॅन काढल्यावर कळलं की प्लास्टरमध्ये पडून राहिलेल्या पायात रक्त गोठलं होतं, ती गाठ सुटली आणि फुफ्फुसाच्या नळीत जाऊन बसली. डॉक्टर मदीहा मॅडमनी ताबडतोब रक्त पातळ करायचं इंजेक्शन सुरू केलं आणि कल्याणला बाजूला घेऊन समजावलं होतं, 'कल्याणभाऊ, बीपी चांगलाय, बोलून राह्यल्या, ते बराबर आहे. पण वाट बंद झाली की हृदयाची उजवी बाजू जोर लावून लावून थकते, आणि ते वरून दिसत न्हाई. ते तुमचं रक्तच सांगेल. ट्रोपोनिन आणि प्रोबीएनपी दोन्ही लावा. चांगले आले तर वॉर्ड. चढलेले आले तर सीधा आयसीयू, बिछान्यावरून पाय खाली ठेवू द्यायचा न्हाई, कारण असा पेशंट हसता हसता बसतो.' यातलं कल्याणला नवीन काही नव्हतं. त्याने मान हलवली होती आणि वहिनींच्या दंडाला पट्टा बांधला होता.

त्या दंडाला तो ओळखत होता. औरंगाबादला लॅबच्या कोर्सला होता तेव्हा सुट्टीत तो सुया घेऊन गावी आला होता आणि शीर सापडत नाही म्हणून रडकुंडीला आला होता. वहिनींनी चुलीवरची भाकरी उतरवली, पदराने हात पुसला आणि पुढे केला. 'घे. शिक माझ्यावर. जनावर थोडीच हाय मी लाथ मारायला.' सात वेळा टोचलं त्याने. हात कोपरापासून मनगटापर्यंत काळानिळा पडला आणि पुढचे आठ दिवस त्या चाळीतल्या बायांना म्हशीने शिंग मारलं म्हणून सांगत राहिल्या, आणि त्यांच्या दारात तर म्हैसच नव्हती. आज सुई पहिल्याच फटक्यात लागली आणि वहिनी म्हणाल्या होत्या, 'आता शिकलास बाबा.' त्यांच्या ओठांवर निळसर झाक होती. ती पाहूनही तो हसला होता. हे सगळं आठवत असताना त्याचा हात छातीवरच होता आणि मनात एकच गोष्ट घोळत होती, की दोनशे बारा म्हणजे पुष्कळ.

भिंतीवरच्या फोनशेजारी एक कागद डकवलेला होता, त्याच्याच अक्षरातला. धोक्याचा आकडा आला की दहा मिनिटांच्या आत डॉक्टरला फोन, नाव-वेळ वहीत लिहिणे, सबब चालणार नाही. शेवटचे तीन शब्द लाल शाईत होते. मिथुन नावाचा एक मुलगा इथे कामाला होता. पोटॅशियमचा आकडा धोक्याचा आलेला असताना तो समोरच्या टपरीवर गेला आणि पन्नास मिनिटांनी फोन केला. पेशंटला काही झालं नाही. तरी कल्याणने त्याला काढायला लावलं होतं, व्यवस्थापकासमोर उभं करून, सगळ्यांच्या देखत. 'सर, चाय पियाला गेल्तो फक्त,' असं तो पोरगा म्हणत राहिला होता. आता कल्याणने घड्याळ पाहिलं. अकरा एकोणपन्नास. त्याने फोनकडे पाहिलं आणि उचलला नाही. कुणाला सांगणार? मदीहा मॅडमला सांगितलं की त्या पाचव्या मिनिटाला त्याला पलंगावर आडवं करतील, छातीला तारा लावतील, रामराव दारात येऊन उभे राहतील आणि बायकोकडून भावाकडे, भावाकडून बायकोकडे बघत बसतील. शिवाय किट खराब असू शकतं. नवा डबा आहे. प्रवासात गरम झाला असेल. खातरजमा केल्याशिवाय उगाच कशाला बोंब मारायची? आणि हा रिपोर्ट काही पेशंटचा नाही, आपलाच आहे. आपल्या रिपोर्टचं आपण बघून घेऊ. लबाडाला कारणं कधी कमी पडत नाहीत, आणि घाबरलेला माणूस तर लबाडाचा थोरला भाऊ. कल्याण स्टुलावर बसून राहिला.

तेव्हाच फोन वाजला. मदीहा मॅडमचा आवाज होता, घाईतला.

'कल्याणभाऊ, उषाबाईंचा ट्रोपोनिन आला का?'

'न्हाई मॅडम,' कल्याण म्हणाला. 'लावलाय. अजून आला न्हाई.'

'किती वेळ?'

'येईल. दहा-पंधरा मिनिटं.'

'ठीक. त्या स्टेबल आहेत, गप्पा मारून राह्यल्या. आयसीयूत एकच बेड रिकामा आहे, तो मी रोकून ठेवत न्हाई, तोवर यांना वॉर्डात शिफ्ट करते. आकडा आला की मला कळवा. जल्दी.'

'हौ मॅडम.'

त्याने फोन ठेवला आणि त्याला बरं वाटलं. आवाज थरथरला नव्हता. खिशावर हात ठेवून त्याने चिठ्ठी चाचपली. वहिनी गप्पा मारताहेत, ठीक आहेत, एवढी एक गोष्ट तरी चांगली चाललीय असं त्याला वाटलं, आणि वहिनींच्या ठीक असण्याचा त्याला किंचित हेवाही वाटला. अकरा चोपन्न झाले होते. त्याने डोळे मिटले. छातीतली मूठ सैल होत नव्हती. डोळ्यांपुढे कारखान्याचा काटा आला, त्यावर चढणाऱ्या उसाच्या बैलगाड्या, आणि केबिनच्या खिडकीत बसलेले रामरावदादा वजन पुकारताना. लहानपणी तो त्या काट्यावर उडी मारून उभा राहायचा आणि 'दादा, मी किती?' विचारायचा. काटा टनांचा, त्यात पोराचं वजन काय दिसणार? दादा म्हणायचे, 'तू शून्य,' आणि तो रडायचा. वहिनींनी मग एकदा किराणा दुकानात नेऊन त्याला धान्याच्या तराजूत बसवलं होतं. वाण्याची नाराजी, त्याचे लोंबकळणारे पाय, आणि वजन किती भरलं ते आता आठवत नव्हतं. मरणाच्या दारात माणसाला आपलं बालपण आठवतं असं म्हणतात, तसंच हे चाललंय का, या विचाराने त्याच्या अंगावर काटा आला आणि त्याने घाईघाईने डोळे उघडले.

'सर?' तृप्ती दारात उभी होती. तिच्या हातात एक चिठ्ठी होती. 'काकूंचा पहिला तुम्ही घेतला का? ट्रेमध्ये न्हाई. हा दुसरा आत्ता आला. सर, लई जास्त आहे.'

त्याने चिठ्ठी घेतली. प्रोबीएनपी, चार हजार आठशे. कल्याण उढाण, वय अठ्ठेचाळीस, पुरुष, बारा वाजून दोन मिनिटं. तो त्या कागदाकडे बघत राहिला. ही चाचणी त्याने स्वतःला लावलीच नव्हती. नवा डबा ट्रोपोनिनचा होता. त्याचं रक्त फक्त त्यासाठी होतं.

'हे माझ्या नावावर कसं आलं?'

'काकूंचं आहे ना सर. घरच्यांचं तुमच्याच नावावर टाकतो ना आपण, नेहमीसारखं? तुमची नळी अजून लावलीच न्हाई मी. तुम्ही म्हणला होता, वहिनीचं सगळ्यांच्या आधी लाव.'

ही रीतही त्याचीच. कर्मचाऱ्याच्या तपासणीला दवाखाना पैसे घेत नाही, म्हणून कर्मचाऱ्याच्या नातेवाइकाचं रक्तही कर्मचाऱ्याच्याच नावावर जातं. सगळ्यांना ठाऊक आणि कुणी बोलत नाही. या सोयीपायी संगणकात कल्याण उढाणला दोनदा मधुमेह झाला होता, एकदा डेंग्यू, आणि मावसबहिणीच्या कृपेने एकदा तो पुरुष असून गरोदरही राहिला होता. त्यावरून लॅबमध्ये आठवडाभर हसणं चाललं होतं. आता हसण्यासारखं काही नव्हतं, पण कल्याणच्या आत जे झालं ते हसण्याच्या फार जवळचं होतं. माझं नाही. हे दोन शब्द त्याच्या सगळ्या अंगातून गेले. छातीतली मूठ सुटली, करंगळीच्या मुंग्या थांबल्या, इतका स्वच्छ श्वास त्याने सकाळपासून घेतला नव्हता. माझं नाही. त्याला तहान लागली. टेबलावर अर्धा राहिलेला चहा आठवला आणि तो प्यावासा वाटला. किती वेळ चाललं असेल हे? दोन श्वास, फार तर तीन. तेवढा वेळ कल्याण उढाण पृथ्वीवरचा सगळ्यात सुखी माणूस होता. आणि चौथ्या श्वासाला त्याला कळलं की आपण कशाने सुखी झालो.

'सर, काय झालं? तुम्ही बसा,' तृप्ती म्हणत होती. तो पळत सुटला होता. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकलेली होती, तो जिन्याने गेला, एकदम दोन-दोन पायऱ्या, आणि दम लागला तरी छातीत काहीच दुखलं नाही. बावीस मिनिटं. बावीस मिनिटं चिठ्ठी खिशात होती आणि त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं होतं, अजून आला न्हाई. खोटं बोललो नाही, त्याने पायऱ्यांवर स्वतःला सांगितलं, मला माहीतच नव्हतं. पण समज तो माझाच असता, तरी धोक्याचा आकडा आला की फोन करायचा असतो. किट खराब असल्याची शंका आली होती, तर वहिनींचाही आकडा त्याच किटवर लागलाय हे मॅडमला सांगायचं असतं. नाव कुणाचंही असो. नाव कुणाचंही असो, हे वाक्य तर तो स्वतःच मिथुनला ओरडून म्हणाला होता, त्या पोटॅशियमच्या दिवशी. त्याला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

वॉर्डाच्या बाहेर, संडासाकडे जाणाऱ्या बोळात माणसं जमलेली होती. सिस्टर वाकल्या होत्या. रामराव भिंतीला टेकून उभे होते, एका हातात वहिनींची काठी, दुसऱ्या हातात त्यांची एकच चप्पल. 'लघवीला जायचं म्हन्ली,' ते म्हणाले. ते कल्याणकडे बघून बोलत होते, पण सांगत होते ते सगळ्या जगाला. 'म्या म्हन्लं भांडं मागू, तर म्हन्ली लाज वाटती, चालत जाते चार पावलं. धरूनच नेत होतो रे. चार पावलं बी झाली न्हाईत.' वहिनी फरशीवर होत्या. ओठ आता निळसर नव्हते, जांभळे होते. मदीहा मॅडम गुडघ्यांवर बसून बीपी घेत होत्या आणि कुणाला तरी ओरडून स्ट्रेचर मागत होत्या. कल्याणने दोन्ही चिठ्ठ्या पुढे केल्या. मॅडमनी आकडे पाहिले, मग नाव पाहिलं, मग वेळ पाहिली. अकरा चाळीस. त्यांनी मान वर करून कल्याणकडे पाहिलं.

'हे उषाबाईंचं आहे?'

'हौ.'

त्या लगेच पुन्हा वहिनींवर वाकल्या. बोलायला वेळ नव्हता.

पुढचं सगळं फार लवकर झालं आणि फार हळू. वरचा बीपी सत्तर. आयसीयूतला तो एकुलता बेड अजून रिकामा होता, हे दैव. गाठ विरघळवायचं इंजेक्शन द्यायचं ठरलं. मॅडमनी दोघा भावांना समोर उभं करून सांगितलं की हे औषध गाठ विरघळवतं तसं दुसरीकडेही रक्त सोडू शकतं, मेंदूतसुद्धा, आणि न दिलं तर त्या वाचणार नाहीत. रामरावांनी कागद हातात घेतला आणि कल्याणपुढे धरला. 'तू सांग. तुला कळतं यातलं. तुझ्याच भरवशावर आणलं म्या हितं.' कल्याणने सही केली. आपलंच नाव लिहिताना त्याला आता त्या नावाचीच भीती वाटत होती. मग दोन तास ते आयसीयूच्या बाहेर बाकावर बसले. रामरावांचे जांबच्या समर्थांना करायचे तेवढे नवस करून झाले, आणि मग ते अचानक म्हणाले, 'सकाळपासून चहाचा थेंब न्हाई तिच्या पोटात.' कल्याणला ते ऐकवलं नाही. दादांना आत्ताच सगळं सांगून टाकावं असं त्याच्या दोनदा ओठांपर्यंत आलं. वहिनी फरशीवर पडायच्या आधी बावीस मिनिटं मला कळलं होतं आणि मी माझ्या छातीला हात लावून बसलो होतो. पण दादांच्या हातात अजून ती एक चप्पल होती, आणि त्याची जीभ उचलली नाही.

दोन वाजून गेल्यावर मदीहा मॅडम बाहेर आल्या. बीपी एकशे चारवर आला होता, ऑक्सिजन चढत होता. 'आजची रात्र निघाली तर बरंच झालं म्हणायचं,' त्या रामरावांना म्हणाल्या, आणि मग कल्याणला बोळाच्या टोकाला घेऊन गेल्या. त्यांचा आवाज बिलकुल चढला नाही, चढला असता तर त्याला बरं वाटलं असतं.

'मी फोन केला तेव्हा तो रिपोर्ट कुठे होता?'

'खिशात.'

'मंग?'

'नाव माझं होतं. मला वाटलं माझाच आहे. मी घाबरलो, मॅडम.'

'तुमचा असता,' मॅडम म्हणाल्या, 'आणि तुम्ही तिथे एकटे बसून मेला असता, तर मी काय केलं असतं? मला हे लिहावं लागेल, कल्याणभाऊ.'

'लिहा,' तो म्हणाला. 'वेळेसकट लिहा.'

त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, 'जा आत. दोन मिनिटं. बोलवून राह्यल्या तुम्हाला.'

वहिनी पुष्कळ लहान दिसत होत्या. तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, दंडावर आपोआप आवळणारी बीपीची पट्टी, डोक्याशी पडद्यावर हिरव्या रेघा आणि हृदयाच्या ठोक्यांचा आकडा, एकशे अठरा. कल्याण पलंगाच्या कठड्याशी उभा राहिला. सांगायचं, आत्ताच सांगायचं, दादांना नाही तरी यांना. यांना सांगितल्याशिवाय आपल्याला पाणी गोड लागणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. वहिनींनी डोळे उघडून त्याच्याकडे निरखून पाहिलं. मुखवट्यातून आवाज जेमतेम येत होता.

'तोंड कामून असं झालं रे तुझं? पांढरं फटक?'

'काही न्हाई.'

'खोटं नको बोलू.'

'वहिनी, सकाळी एक रिपोर्ट आल्ता. लई खराब. माझ्या नावावर आल्ता...'

'तुझा?' वहिनींनी मान उचलली. उशीवरून खांदे सुटले, हाताची सुई ओढली गेली. पडद्यावरचा आकडा एकशे तीस झाला, एकशे अडतीस झाला, एकशे बेचाळीस, आणि यंत्र किंचाळायला लागलं. 'काय झालं तुला? छातीत हाय का काही? तुझ्या बाला बी असंच... अरे बोल ना! डॉक्टरीणबाईला दाखवलं का?'

'न्हाई वहिनी, निजा, निजा तुम्ही,' त्याने त्यांचे खांदे धरले. 'माझा न्हाई. ऐका. माझा न्हाई तो. तुमचा होता. माझ्या नावावर टाकला होता फक्त.'

वहिनी त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या, खरं बोलतोय की नाही ते तपासत. मग त्यांची मान हळूच उशीवर टेकली.

'माझा व्हय,' त्या म्हणाल्या. 'मंग बरं झालं. केवढ्यानं भ्यायले मी.'

त्यांनी डोळे मिटले. यंत्राचं किंचाळणं थांबलं. एकशे बेचाळीस, एकशे तीस, एकशे एकवीस, एकशे बारा. कल्याण कठडा धरून ते आकडे उतरताना बघत राहिला, आणि एकशे आठवर त्याला रडू कोसळलं.